लोकनायक बापूजी अणे : वणीचा वकील आणि वऱ्हाडच्या तिजोरीचा हिशोब

यवतमाळ जिल्ह्यात लोकनायक बापूजी अणे हे नाव ऐकलं नाही असा माणूस सापडणं कठीण. पण नावाच्या पुढे विचारलं, तर बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक पुसदचा जंगल सत्याग्रह आणि दुसरी वेगळ्या विदर्भाची मागणी. त्यातली दुसरी गोष्ट आज सभेतल्या घोषणेपुरती उरली आहे. बापूजींच्या काळात तिचा पाया घोषणेत नव्हता, जमाखर्चात होता. वऱ्हाडच्या कास्तकाराने भरलेला सारा कुठे जातो, त्यातला किती परत येतो आणि हे वाटप ठरवतं कोण, हा तो प्रश्न. तो त्यांच्या जन्माआधी सुरू झाला आणि त्यांच्या निधनानंतरही संपला नाही.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीला झाला. तेव्हा जिल्ह्याचं नाव यवतमाळ नव्हतंच. सरकारी दप्तरात हा वूण जिल्हा होता, म्हणजे वणीच्याच नावाचा. यवतमाळ हे नाव १९०५ च्या सुमारास आलं. शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झालं, मग अमरावतीत काही वर्षं शिक्षकी केली, कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली आणि १९०८ मध्ये यवतमाळात वकिली सुरू केली. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना मंडालेची शिक्षा झाली. टिळकांचा वऱ्हाडातला माणूस म्हणून तरुण अणे वकिलांचं नाव पुढे आलं ते याच काळात. १९१८ मध्ये त्यांनी यवतमाळातून ‘लोकमत’ हे पत्र सुरू केलं. त्याचं नाव टिळकांनी सुचवलेलं होतं. आज राज्यभर वाचलं जाणारं दैनिक याच नावाचा वारसा सांगतं.

आता हिशोबाकडे वळू, कारण तो कळल्याशिवाय बापूजींचं राजकारण कळत नाही.

वऱ्हाड हा मुळात निजामाचा मुलूख. इंग्रजांनी निजामाच्या नावाने जी कंटिंजंट फौज ठेवली होती, तिचा खर्च थकला आणि १८५३ मध्ये डलहौसीने वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. महसुलातून फौजेचा आणि कारभाराचा खर्च भागवायचा, उरेल ते निजामाला द्यायचं, असा हा व्यवहार होता. थोडक्यात, मुलूखच गहाण पडला. गहाण पडलेलं वावर जसं कसणाऱ्याचंही नसतं आणि मालकाच्याही हाती नसतं, तशी वऱ्हाडची गत झाली.

पण हे वावर काळ्या मातीचं होतं. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. खामगाव, अमरावतीच्या बाजारात गाठी रचल्या जाऊ लागल्या, गावोगावी जिनिंग-प्रेसिंग आलं. इंग्रजांच्या लक्षात आलं की हा मुलूख परत देण्यासारखा नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाशी नवा करार केला. वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे राहिलं आणि त्याबदली निजामाला वर्षाला २५ लाख रुपये ठरले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडून दिलं. राजधानी नागपूर.

म्हणजे यवतमाळच्या एका शेतसाऱ्यातून किती तोंडं भरायची ते बघा. आधी निजामाचं भाडं, मग दिल्लीचा वाटा, मग नागपूरचं सचिवालय, मग जबलपूर-छत्तीसगडकडच्या गरीब जिल्ह्यांचा खर्च. या सगळ्यांतून उरलं तर वणी-दारव्ह्याचे रस्ते.

दिल्लीचा वाटा ही काही बोलण्यापुरती गोष्ट नव्हे. १९१९ च्या सुधारणांनी प्रांतांना स्वतःची खाती मिळाली, पण केंद्राची तिजोरी रिकामी पडू नये म्हणून प्रांतांनीच केंद्राला दरसाल पैसे द्यावेत असं मेस्टन समितीने ठरवलं. सगळ्या प्रांतांचे मिळून ९ कोटी ८३ लाख. त्यात एकट्या मद्रासचे ३ कोटी ४८ लाख, मुंबईचे ५६ लाख आणि मध्य प्रांत-वऱ्हाडचे २२ लाख. आज केंद्राकडून राज्याला निधी येतो, त्याच्या अगदी उलट हा प्रवाह होता. प्रांतांनी आरडाओरडा केला आणि दशक संपायच्या आत ही वर्गणी बंद झाली.

प्रांताच्या आतलं भांडण मात्र चालूच राहिलं. वऱ्हाडात रयतवारी, मध्य प्रांतात बहुतेक मालगुजारी. दोन्हीकडची सारापद्धत वेगळी, पिकं वेगळी, कायदेशीर दर्जाही वेगळा. वऱ्हाडचे पुढारी म्हणत, आमच्या कापसावर प्रांत चालतो. नागपूरकडचे म्हणत, एकत्र कारभाराचा खर्चही एकत्रच मोजला पाहिजे. शेवटी दोन भागांत खर्चाची वाटणी कशी करायची यासाठी सिम यांच्या नावाचं एक सूत्र आलं. वऱ्हाडला किती आणि मध्य प्रांताला किती, यावर कौन्सिलात दर अर्थसंकल्पाला खडाजंगी होई.

बापूजी या काळात १९२१ पासून वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि पुढे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी. त्यातली गंमत अशी की वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडतच नव्हतं. म्हणून वऱ्हाडचा प्रतिनिधी आधी लोकांनी निवडायचा आणि मग सरकारने त्याची नेमणूक करायची, असा द्राविडी प्राणायाम होता. कर भरताना वऱ्हाडी माणूस इंग्रजांची प्रजा आणि हक्क मागताना निजामाची. पैशाच्या प्रश्नावर बापूजी इतके पक्के का होते, याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

१९२८ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र भारताच्या घटनेचा आराखडा करायला समिती बसली. तेजबहादूर सप्रू, सुभाषचंद्र बोस अशा मंडळींबरोबर अणेही तिचे सदस्य होते. त्या अहवालाने प्रांतांची फेररचना भाषेच्या आधारावर करावी असं सुचवलं. पुढे संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनी याच तत्त्वाचा आधार घेतला आणि अणे त्यांच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले, तेव्हा हा विरोधाभास अनेकांना खटकला. तो खटकण्यासारखा आहेही. पण भाषेच्या आधारे प्रांत करणं आणि एका भाषेचा एकच प्रांत करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिंदी बोलणाऱ्यांची अनेक राज्यं झाली. मराठीची दोन का नकोत, हा वेगळ्या विदर्भाच्या बाजूचा कायमचा सवाल राहिला.

१९३० चा जंगल सत्याग्रह जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. वऱ्हाडला समुद्र नाही, मिठागर नाही. मग कायदा मोडायचा कुठला? जुलै महिन्यात पुसदला बापूजींनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि सहा महिन्यांची सजा घेतली. या सत्याग्रहाची एक बाजू कमी सांगितली जाते. जंगल खातं हे सरकारचं कमाईचं खातं होतं. चराईची फी, लाकूड, गवत, सगळ्याचे पैसे तिजोरीत जात. ज्याची गुरं रानात चरत आली, त्यालाच त्या रानाचे पैसे मोजावे लागत. गवताची ती पेंढी म्हणजे महसुलावरच हात होता.

गांधीजींचं नेतृत्व त्यांनी मानलं, पण आंधळेपणाने नाही. १९३३ मध्ये पुढारी तुरुंगात असताना ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले, आणि पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेस गुळमुळीत राहिली म्हणून मदनमोहन मालवीयांबरोबर त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले तेव्हा टीका झाली. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासोबत त्यांनी त्याच खुर्चीचा राजीनामा दिला. नंतर १९४७ पर्यंत सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी होते.

मधल्या काळात एक कायदा झाला, त्याची इथे आठवण काढायलाच हवी. १९३५ च्या कायद्यात मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या गव्हर्नरवर एक खास जबाबदारी टाकली होती. प्रांताच्या महसुलातला वाजवी हिस्सा वऱ्हाडात किंवा वऱ्हाडच्या हितासाठी खर्च होतो की नाही, हे त्याने पाहायचं. वाजवी म्हणजे किती हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तरी एका भागावर अन्याय होऊ शकतो आणि तो पैशाच्या वाटपातून होतो, एवढं लंडनच्या पार्लमेंटने मान्य केलं होतं. पाठोपाठ १९३६ च्या निमायर निवाड्याने केंद्राच्या प्राप्तिकरातला अर्धा वाटा प्रांतांना द्यायचं ठरवलं. त्या वाट्याचे शंभर भाग केले तर मुंबई आणि बंगालला वीस-वीस, मध्य प्रांत-वऱ्हाडला पाच. पैशाचा प्रवाह आता दिल्लीकडून खाली वाहू लागला. पण नागपूरला आलेल्या पाचातले वऱ्हाडात किती, हा प्रश्न होता तिथेच राहिला. १ ऑक्टोबर १९३८ रोजी नागपूरच्या विधानसभेने वेगळ्या महाविदर्भाचा ठराव एकमताने मंजूर केला. रामराव देशमुखांनी तो मांडला होता.

स्वातंत्र्यानंतर जानेवारी १९४८ मध्ये बापूजी बिहारचे राज्यपाल झाले आणि जून १९५२ पर्यंत तिथे राहिले. त्यांच्या चरित्रात हा काळ सहसा दोन ओळींत उरकला जातो. पण वऱ्हाडच्या माणसाला हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने दिसावा अशी ती जागा होती. बिहारच्या जमिनीतून कोळसा आणि लोखंड निघे, पण कंपन्यांच्या पेढ्या कलकत्ता-मुंबईला. प्राप्तिकर जिथे भरला जातो तिथला धरला, तर बिहारच्या पदरी फार काही पडत नसे. लोकसंख्येवर वाटला तर बिहारचा फायदा. फाळणीनंतर बिहारचा वाटा शंभरात तेरा होता. १९५० च्या चिंतामणराव देशमुखांच्या निवाड्याने तो साडेबारा केला. मग घटनेप्रमाणे पहिला वित्त आयोग बसला आणि त्याने प्राप्तिकरातला ५५ टक्के भाग राज्यांना द्यायचं, त्यातला ८० टक्के लोकसंख्येवर आणि २० टक्के वसुलीवर वाटायचं ठरवलं. जुनी संस्थानी राज्यंही आता वाटेकरी झाली होती, त्यामुळे बिहारच्या वाट्याला पावणेदहा टक्के आले. निर्णय मंत्रिमंडळाचे, राज्यपालाच्या हाती सहीपलीकडे फारसं काही नव्हतं, हे खरं. तरी राज्याराज्यांत वाटणी करायला घटनेने आयोग दिला आणि राज्याच्या आत, एका भागात आणि दुसऱ्या भागात वाटणी करायला काहीच दिलं नाही, ही उणीव त्या खुर्चीतून दिसण्यासारखी होती.

परत आले ते थेट राज्य पुनर्रचनेच्या वादात. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भातल्या काँग्रेस नेत्यांनी एका मराठी राज्यासाठी आपसात अटी ठरवल्या. महाविदर्भ, मराठवाडा आणि उरलेला भाग असे तीन घटक धरायचे. पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा, मराठवाड्याकडे जास्त लक्ष द्यायचं, दरवर्षी त्याचा अहवाल विधानसभेपुढे ठेवायचा, आणि नागपूरला विधिमंडळाचं एक अधिवेशन घ्यायचं. करार चांगला होता. पण तो नेत्यांचा आपसातला शब्द होता, कायदा नव्हता. बापूजी वकील होते. शब्द आणि कायदा यांतला फरक त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्यांनी आणि ब्रिजलाल बियाणींनी फाजल अली आयोगाला वेगळ्या विदर्भाचं निवेदन दिलं. १९५५ च्या अहवालात आयोगाने ते मानलं. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ जिल्हे, ७६ लाख लोकसंख्या, आणि स्वतःच्या उत्पन्नावर उभं राहू शकेल असं राज्य. मोठ्या राज्यात विदर्भाचा पैसा दुसरीकडे खर्च होईल आणि राजधानी गेल्यावर नागपूरचं महत्त्व ओसरेल, या भीतीचीही आयोगाने दखल घेतली. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही मराठी मुलखाची एकापेक्षा जास्त राज्यं करावीत असा विचार मांडला आणि त्यात विदर्भाचं राज्य होतं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही पोकळ नव्हतं. विदर्भाची शिल्लक ही बरीचशी कमी खर्चाची शिल्लक होती. वेगळं सचिवालय, वेगळं हायकोर्ट, धरणं, कॉलेजं हे सगळं उभं करायला घेतलं की ती किती दिवस टिकणार? शिवाय मुंबईचा कर एका मोठ्या मराठी राज्याच्या तिजोरीत आला, तर त्यातून पूर्वेकडच्या जिल्ह्यांत कालवे होतील, असा युक्तिवाद होता. तो खोटा होता असं नाही. फक्त त्या पैशाला पूर्वेकडे यायला भाग पाडणारी यंत्रणा कुठे आहे, एवढंच विचारायचं राहत होतं.

वेगळं राज्य झालंच नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आधी द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरची राजधानी गेली. घटनेच्या सातव्या दुरुस्तीने कलम ३७१ मध्ये एक तरतूद आली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं आणि निधीचं न्याय्य वाटप यांची खास जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतील. १९३५ च्या कायद्यातलं वऱ्हाडचं कलम ज्यांना आठवत होतं, त्यांना ही भाषा ओळखीची वाटली असणार. तिथे वाजवी हिस्सा होता, इथे न्याय्य वाटप. दोन्हीकडे भार गव्हर्नरवर. एक फरक होता, तोही विदर्भाच्या तोट्याचा. १९३५ मध्ये जबाबदारी थेट टाकली होती, १९५६ मध्ये ती टाकता येईल एवढंच म्हटलं होतं.

बापूजी तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले. या वयात माणूस गप्प बसतो. ते लोकसभेला उभे राहिले. अनसूयाबाई काळे यांच्या निधनाने नागपूरची जागा रिकामी झाली होती. पोटनिवडणुकीत बापूजी अपक्ष म्हणून निवडून आले आणि १९६२ मध्ये पुन्हा जिंकले. मधल्या काळात १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, नागपूरचं अधिवेशन सुरू झालं. डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले ते याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक, आणि ते अकरा वर्षांहून जास्त काळ त्या पदावर राहिले. विदर्भाचा, त्यातही यवतमाळचा माणूस मुंबईत सर्वोच्च खुर्चीवर बसल्यावर अन्यायाची भाषा कोणाला पटणार? वेगळ्या राज्याची धार त्या काळात बोथट झाली ती मोठ्या प्रमाणात यामुळे. एकाच जिल्ह्यातून दोन रस्ते निघाले. एक मोठ्या राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या हाती घेण्याचा आणि दुसरा तिजोरीच वेगळी करण्याचा. जिल्ह्याने पहिला रस्ता धरला.

२६ जानेवारी १९६८ रोजी बापूजी गेले. त्याच वर्षीच्या सन्मानात त्यांचं नाव पद्मविभूषणसाठी होतं.

पुढची आकडेवारी त्यांना पाहायला मिळाली नाही. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष मोजला. तो ३,१८६ कोटी रुपयांवर भरला आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. नागपूर कराराप्रमाणे दरवर्षी मांडायचा हिशोब असा तीन दशकांनी एकदम मांडला गेला. घटनेत १९५६ ला लिहिलेली विकास मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. त्यांची मुदत वेळोवेळी वाढत गेली आणि ३० एप्रिल २०२० ला संपली. बापूजींचे नातू श्रीहरी अणे हे राज्याचे महाधिवक्ता होते. विदर्भ आणि मराठवाड्याच्या वेगळ्या राज्यांबद्दल बोलल्यावरून वादळ उठलं आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी ते पद सोडलं.

वणी परिसरात आज कोळशाच्या खाणी आहेत. स्वामित्वधनाचा मोठा भाग मुंबईच्या तिजोरीत जमा होतो आणि तिथून अर्थसंकल्पाच्या वाटेने परत येतो, जेवढा येतो तेवढा.

बापूजींनी राजकारणाच्या धबडग्यात आणखी एक काम हातावेगळं केलं होतं. लोकमान्य टिळकांच्या जीवनावर त्यांनी ‘तिलकयशोर्णव’ हे संस्कृत महाकाव्य लिहिलं. त्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती.